गुआमोच्या खोडावरची रिकामी जागा

कासिल्दा मोनास्तेरिओसला आमची अख्खी लोमा फ्रेस्का वाडी वेडी म्हणायची, आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. अजूनही म्हणते. माणसानं वेडं असावं, पण किती? बोटाच्या पेराएवढी रोपं, त्यांना फूल यायला वर्षांमागून वर्षं, आणि ही बाई रोज उजाडताच त्यांच्या पानांवरच्या गोगलगायी हातानं वेचत बसणार. मी तोंडावर सांगायचे, "कोमाद्रे, यांना फूल येईपर्यंत आपल्या दोघींच्या तोंडात दात राहणार नाहीत." ती म्हणायची, "फूल खायचंय कुठं, वासच तर घ्यायचाय." आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागायची. माझ्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनं हातांवर घेतलं होतं, म्हणून ती माझी कोमाद्रे. हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं, त्यामुळे मी तिला काहीही बोलू शकत होते आणि बोलतही होते.

तर मुळापासून सांगते. तीन मेला आम्ही क्रूस सजवतो. रस्त्याच्या वळणावर पत्र्याच्या छपराची एक खोली आहे, तिथं माणसाच्या उंचीचा लाकडी क्रूस उभा असतो. त्या खोलीची किल्ली आधी माझ्या आत्याकडे, पेत्रोनिलाकडे होती, आता माझ्याकडे आहे. कागदाची फुलं कुणीही लावावीत. पण ज्यानं कुणाच्या जिवासाठी नवस बोललाय, त्यानं मेच्या फुलाचं झाड आणायचं. डोंगरात झाडांच्या फांद्यांवर वाढतं ते, ऑर्किडच्या जातीचं, तळहाताएवढं फिकट जांभळं फूल, चुणीदार ओठ आणि आत पिवळा घसा. ते झाड फुलावर आलेलं हवं आणि मुळासकट हवं. नुसतं तोडलेलं फूल म्हणजे अर्धा नवस, असं आत्याचं म्हणणं, आणि अर्धा नवस ती दारातूनच परत पाठवायची. झाड महिनाभर क्रूसाला बांधलेलं राहायचं. मे संपेपर्यंत ते वाळून कडक व्हायचं, मग आम्ही बायका क्रूस उतरवून पुसायचो आणि उरलंसुरलं ओढ्याकाठी पुरायचो. पुरुष दरवर्षी झाडं आणायला डोंगरात जायचे आणि दरवर्षी जरा आणखी वर जायचे. का, ते कुणी विचारलं नाही.

कासिल्दाच्या मागच्या अंगणात मात्र मेचं फूल घरचंच होतं. ते माकारिओनं आणलेलं. माकारिओ तिच्याहून पुष्कळ मोठा, खेचरांवर कॉफीची पोती लादून खाली बाजारात पोचवणारा, बोलण्यात चिक्कू. हिला मागणी घालायची होती, पण तोंडातून शब्द फुटेना. मग हा पठ्ठ्या डोंगरात गेला, कुठल्याशा उंच झाडावर चढला, उतरताना पडून खांद्याचं हाड मोडून घेतलं, आणि एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात मेच्या फुलाचं झाड, असा तिच्या दारात येऊन उभा राहिला. कासिल्दाची आई म्हणाली, "याला झाडावरून धड उतरता येत नाही, हा संसार काय करणार?" पण मुलगी दिली. ते माकारिओनं मागच्या अंगणातल्या गुआमो नावाच्या मोठ्या झाडाच्या खोडावर बांधलं. तिथं ते असं रुजलं की एप्रिल आला की खोड दिसायचं नाही, नुसती फुलं. ऊन पडलं की वास सुटायचा तो दुपारपर्यंत. माकारिओ खोडाजवळ एक बुटकं स्टूल टाकून सकाळची कॉफी प्यायचा. फुलं असोत नसोत, स्टूल तिथंच.

लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, आशा सोडल्यावर, त्यांना एउदोमार झाला. तो पाळण्यात असतानाच एका एप्रिलमध्ये त्याची छाती भरली. श्वास घेताना पोराच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या, बघवत नव्हतं. माकारिओनं त्याला ब्लँकेटात गुंडाळलं आणि जीपनं खाली शहरातल्या इस्पितळात नेलं. कासिल्दा स्वतःच तापानं फणफणली होती, तिला तिथं आत घेतलं नाही. ती परत आली आणि रिकाम्या पाळण्याजवळ बसून राहिली. तेव्हा तिनं नवस बोलला. पोर वाचलं तर गुआमोवरचं झाड क्रूसाला.

काही दिवसांनी जीपवाला निरोप घेऊन आला की पोरानं दूध घेतलं, ताप उतरला. कासिल्दा त्याच दुपारी कोयता घेऊन मागे गेली. शिडी मी धरली होती. मुळं सालीला अशी घट्ट धरून बसलेली की साल सुटली पण मुळं सुटेनात. तिनं ते सगळं झाड, फुलांनी लगडलेलं, तसंच खरवडून काढलं. आम्ही दोघींनी मिळून ते वळणावर नेलं. आत्यानं बघितलं, क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "याला म्हणतात नवस."

दोन दिवसांनी माकारिओ पोराला खांद्यावर घेऊन आला. घरात न शिरता आधी मागे गेला. पोराला फुलं दाखवायची होती त्याला. खोडावर नुसते पांढरे ओरखडे होते. तो आत आला, पोराला कासिल्दाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "दूध गरम कर." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं स्टूल पुढच्या दारात होतं, रस्त्याकडे तोंड करून. त्यानंतर ते मागे गेलं नाही.

"ओरडला असता तर बरं झालं असतं," कासिल्दा मला म्हणाली. आम्ही ओढ्यावर कपडे धूत होतो. "वीस वर्षं त्या वासात बसून कॉफी प्यायला तो, कोमाद्रे. मी त्याचा वास काढून घेतला."

"पोरगं वाचलं की. त्याला काय फुलाची भाजी करायची होती?"

"आता रस्त्याची धूळ खात बसतो."

"बसू दे. पुरुषांना रस्ता आवडतो," मी म्हणाले. मला वाटलं, महिनाभरात स्टूल आपोआप मागे जाईल. कसलं जातंय.

मे संपल्यावर क्रूस उतरवताना कासिल्दाच्या झाडाचे वाळलेले देठ माझ्याच हातात आले. मी ते फेकणार तोच तिनं माझं मनगट धरलं. पानांच्या मागे एक बोंड होतं. आदल्या वर्षीच्या कुठल्यातरी फुलावर माशी बसली असणार, त्याचं ते बोंड वर्षभर पिकत राहिलेलं आणि आता पिवळं पडून उकलायला आलेलं. तिनं ते दाबलं तर आतून पिठासारखी भुकटी सांडली. बी म्हणे ते. मला तर शिंक आली.

अर्धी भुकटी तिनं गुआमोच्या खोडावर फुंकली, ओरखड्यांवर. पावसाळाभर रोज जाऊन बघायची. खोडावर शेवाळ आलं, मुंग्या आल्या, बाकी काही नाही. उरलेली अर्धी तिनं कागदाच्या पुडीत बांधली आणि घेऊन गेली डोंगरापलीकडच्या जर्मन लोकांच्या वसाहतीत. तिथं आल्विन नावाचा एक रोपवाटिकेवाला होता, लालबुंद मानेचा, शांत माणूस. त्यानं तिला सांगितलं की या बियांच्या पोटात शिदोरीच नसते, रानात एखादी बुरशी त्यांना भरवते तेव्हा कुठं त्यातली एखादी जगते. तो स्वतः त्यांना उकळून निर्जंतुक केलेल्या बाटलीत, गोड जेलीवर पेरायचा. "दीडेक वर्षानं या," तो म्हणाला. आणि निघताना त्यानं आणखी एक सांगितलं: "बाई, एका बोंडातली सगळी भावंडं असतात, पण आई पुन्हा मिळत नाही. रंग वेगळा येईल, वास वेगळा येईल." कासिल्दानं हे मला घरी येऊन सांगितलं आणि वर म्हणाली, "पण एखादी तरी आईवर जाईल की. घरोघर जातेच."

दीड वर्षानं ती मांडीवर एक बाटली घेऊन बसनं आली. आत हिरवा चिखल. मी डोळे बारीक करून पाहिलं तर त्यात केसाएवढी पानं. तिनं बाटली फडक्यात गुंडाळून हातोडीनं फोडली, कोमट पाण्यात एकेक रोप धुऊन त्याची जेली काढली, आणि कोळशाचे तुकडे व नेच्याच्या झाडाचं काळं धागेदार खोड बारीक करून भरलेल्या ट्रेमध्ये ओळीनं लावलं. वर जुनी मच्छरदाणी. "पोरी आल्या घरी," ती म्हणाली. तेव्हापासून त्या पोरीच.

पहिल्याच पावसाळ्यात निम्म्या पोरी सडल्या. काल हिरवं असलेलं रोप आज तपकिरी पाणी झालेलं. कासिल्दा काही रडली नाही, पण तिनं स्वयंपाकघरातली सगळी दालचिनी कुटून उरलेल्यांच्या बुंध्याशी घातली, कारण आल्विननं सांगितलं होतं की त्यानं सड थांबते. थांबली. त्या नाताळात त्यांच्याकडे तांदळाच्या खिरीला दालचिनी नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, "पोरींनी खाल्ली." नंतर झुरळांनी मुळांची टोकं कुरतडली, मग एउदोमार चालता-पळता झाला आणि त्याच्या बेसबॉलनं एक ट्रे उपडा केला. ज्याच्यापायी झाड गेलं त्यानंच रोपंही मारावीत, याला काय म्हणायचं? कासिल्दानं त्याच्या कानशिलात दिली आणि लगेच जवळ घेतलं. मग दोघं गुडघ्यांवर बसून मातीत रोपं शोधत राहिली.

माकारिओ या सगळ्यात कधी पडला नाही. मागच्या अंगणात आला तर चूल पेटवायला लाकडं न्यायला, आणि जाताना ट्रेकडे बघायचासुद्धा नाही. पण एक होतं. नेच्याचं खोड संपत आलं की मागच्या पायरीवर नवा ओंडका पडलेला असायचा. तो कोण आणायचं ते कासिल्दाला ठाऊक होतं, मलाही. तिनं एकदा "माकारिओ, तू आणलंस का?" विचारलं तर तो म्हणाला, "खेचराला ओझं कमी होतं." मी कासिल्दाला म्हणाले, "बघ, राग गेलाय." ती म्हणाली, "मग स्टूल का नाही हलवत?"

मग त्याची नजर जायला लागली. आधी खेचराच्या पट्ट्याचं भोक सापडेना, मग रस्त्यावरची माणसं ओळखेनात. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, आणि पिकायची वाट बघत बसायचं. खेचरं विकावी लागली. आता माकारिओ रस्त्याकडे तोंड करून बसायचा आणि रस्ता त्याला दिसत नव्हता. कासिल्दा पोरींना पाणी घालताना पुटपुटायची, "चला गं, लवकर चला." कशाची घाई आहे ते मला सांगायची गरज नव्हती. त्याला फूल दिसणार नाही हे ती धरूनच चालली होती. पण नाक होतं ना. तो वास एकदा त्याला परत द्यायचा, आणि तो म्हाताऱ्याच्या हयातीत द्यायचा, एवढंच तिचं चाललं होतं.

ज्या पोरी तगल्या त्या हाताएवढ्या झाल्यावर तिनं गुआमोवर चढवल्या, बरोब्बर त्या जुन्या रिकाम्या जागेवर. शहरातल्या बायकांचे फाटके नायलॉनचे मोजे कापून त्यांच्या पट्ट्यांनी बांधल्या. मोजे मीच गोळा करून दिले, माझ्या बहिणीची मालकीण टाकून द्यायची. पांढरी मुळं सालीवर उतरली. आणि एका मार्चमध्ये कासिल्दा माझ्या दारात आली, हाताला अजून आरेपाच्या भाकऱ्यांचं मक्याचं पीठ लागलेलं, आणि म्हणाली, "कोमाद्रे, म्यान आलंय. तिघींना."

पानाच्या बेचक्यात चपटं हिरवं म्यान येतं, त्यातून कळी फुटते. महिनाभर आम्ही दोघी ते म्यान उन्हाकडे धरून आत सावली दिसते का बघायचो. मी म्हणजे काय, मला कशाचीच पडलेली नव्हती, पण रोज जायचे खरं.

पहिलं फूल एप्रिलच्या मध्याला उमललं. ऊन पडेपर्यंत कासिल्दानं दम धरला. मग पुढच्या दारात गेली, माकारिओचा हात धरला आणि म्हणाली, "ऊठ, मागे चल." मी त्याचं स्टूल उचललं. इतक्या वर्षांनी ते स्टूल त्या घरातून मागे गेलं ते माझ्या काखेत. त्याला गुआमोजवळ बसवलं. कासिल्दानं दांडा वाकवून फूल त्याच्या तोंडासमोर आणलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

माकारिओनं वास घेतला. डोकं जरा मागे घेतलं. पुन्हा घेतला.

"हा तो नाही," तो म्हणाला. "त्याला लिंबाची साल सोलल्यासारखा वास होता. हा गोड आहे." मग म्हणाला, "स्टूल उद्या इथंच ठेवा."

कासिल्दानं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. मी दुसरं ऐकलं, आणि तिला सांगितलंही, पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. चार दिवसांनी दुसरीचं फूल उमललं. माकारिओनं स्वतःहून वाकून ते हुंगलं आणि नकाराची मान हलवली. त्याला खोटं बोलायला जमत नाही, हा त्या माणसाचा मोठा दोष आहे. तिसरीची कळी अजून मिटलेलीच होती.

त्याच आठवड्यात राजधानीतून निरोप आला. माकारिओच्या शस्त्रक्रियेची तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यात. एक डोळा वाचेल, कदाचित. कदाचित तोही नाही. आणि त्याच आठवड्यात डोंगरात गेलेले पुरुष रिकाम्या हातांनी परत आले. क्रूसापुढच्या गाण्यात पहिला आवाज लावणारा रेमिहिओ त्यांच्यात होता. घामाघूम होऊन माझ्या ओट्यावर बसला आणि नेहमीसारखी मला आदरानं हाक मारत म्हणाला, "दोन्या एदुविहेस, वरच्या कड्यापर्यंत गेलो. एक झाड नाही. यंदा कागदच लावा."

दुसऱ्या दिवशी कासिल्दा आली. बसली नाही. "मी तिन्ही झाडं क्रूसाला देणार," ती म्हणाली. "मुळासकट. त्याच्या डोळ्यांसाठी."

माझं डोकंच फिरलं. "अगं, आठ वर्षं गोगलगायी वेचल्यास त्या याच्यासाठी?"

"तो वास नाहीच त्यात. एकीतही नाही. मग ठेवून काय करू? निदान डोळे तरी येऊ देत त्याचे."

"तिसरी अजून उमलायची आहे."

"तीही तशीच निघेल. आल्विननं सांगितलं होतं मला, मीच ऐकलं नाही." ती इतकी शांत होती की मला भीती वाटली. "तुला नवस घ्यावाच लागेल, कोमाद्रे. किल्ली तुझ्याकडे आहे. नवस नाकारता येत नाही."

ते खरं होतं. पूर्ण नवस नाकारायचा अधिकार आत्यालाही नव्हता. मी रात्रभर तळमळले, आत्याला मनातल्या मनात बरंवाईट बोलले, आणि सकाळी रेमिहिओला बोलावून सांगितलं की यंदा क्रूस कासिल्दाच्या अंगणात न्यायचा, गुआमोखाली. झाड मुळासकट पाहिजे ना क्रूसापाशी? मग आहे तिथं मुळासकटच आहे. झाडाला आणायचं तर मारावं लागतं, क्रूसाला न्यायला चार खांदे पुरतात.

रेमिहिओ म्हणाला, "क्रूस त्या खोलीतून कधी हललेला नाही. पेत्रोनिला असती तर?"

"पेत्रोनिला वारली. तू खांदा देणार आहेस की मी दुसरा गाणारा शोधू?"

"आणि नाचायच्या वेळी? क्रूसाच्या नजरेसमोर नाचायचं नसतं, आधी त्यावर चादर टाकावी लागते. झाडाला कुठली चादर पुरणार?"

"मग नको नाचूस. तसंही तुझं नाचणं बघवत नाही."

तीन मेला ऊन उतरल्यावर क्रूस कासिल्दाच्या अंगणात आला. अख्खी वाडी लोटली. बायकांनी आरेपा आणले, मक्याचं गोड पेय आणलं, कुणी रमही आणली जी मी पाहिली नाही असं ठरवलं. क्रूस गुआमोला टेकवून उभा केला, त्याच्या दोन्ही हातांच्या मधोमध खोडावर दोन फुलं, आणि तिसरी कळी त्याच दिवशी सकाळी अर्धी उघडलेली. संध्याकाळी त्यांना वास नसतो. माकारिओ स्टुलावर बसला होता, एउदोमार त्याच्या पायाशी. रेमिहिओनं गायला सुरुवात केली, दुसऱ्यानं आवाज दिला, आणि मी म्हटलं, झालं, निभावलं.

मग मला कोयता दिसला. गुआमोच्या मागच्या बाजूला टेकवून ठेवलेला. मी कासिल्दाला कोपरानं ढोसलं. ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, "असा नवस होत नाही, कोमाद्रे. झाडाचं काही गेलंच नाही तर मी दिलं काय? गाणं संपलं की काढते." मी तिचं मनगट धरलं. तिनं ते हळूच सोडवून घेतलं. सगळ्यांसमोर मी तिच्याशी झोंबाझोंबी काय करणार होते?

गाणं संपलं. कासिल्दा खोडाजवळ गेली आणि पहिल्या झाडाच्या मुळाखाली तिनं कोयत्याचं पातं सरकवलं. सालीवर पातं घासल्याचा एक खर्र आवाज येतो. माकारिओची मान वळली.

"कासिल्दा, तो कोयता आहे ना?"

"हो."

"कशासाठी?"

"तुझ्या डोळ्यांसाठी."

माकारिओ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. "मागच्या वेळी पोरासाठी होता," तो म्हणाला.

"हो."

"पोरगा माझाही होता."

कासिल्दाचं पातं सालीत तसंच राहिलं.

"तुला काय वाटतं, मी इस्पितळात काय करत होतो?" माकारिओ म्हणाला. आवाज चढवला नाही, त्याला चढवता येतच नाही. "त्याच्या खाटेशी उभा राहून विचार करत होतो, देवाला द्यायला माझ्याकडे काय आहे. खेचरं तेव्हा कर्जावर घेतलेली, घर तुझ्या आईचं. मग आठवलं, ते झाड आहे. ते माझं आहे. मनात म्हटलं, पोर घेऊन घरी गेलो की माझ्या हातानं काढून देईन. आलो तर देऊन झालेलं. माझ्याजवळ द्यायला तेवढंच होतं, कासिल्दा, आणि ते तू एकटीनं देऊन टाकलंस. मला विचारलंसुद्धा नाहीस."

त्या माणसाला एका दमात इतकं बोलताना लोमा फ्रेस्कात कुणी ऐकलेलं नव्हतं. मला आठवलं, त्या दिवशी पोराला खांद्यावर घेऊन तो घरात न शिरता सरळ मागे गेला होता. फुलं दाखवायला, असं आम्ही धरून चाललो होतो. मी रागानं रेमिहिओकडे बघितलं, कारण तो उघडउघड रडत होता.

कासिल्दानं कोयता सालीतून काढला. "मला वाटलं, वासासाठी रुसलास," ती म्हणाली.

"वासाचं काय. वास आवडायचा."

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, कोयता बाजूला ठेवला आणि तिनं त्याच्या गुडघ्यांवर हात ठेवले. सगळी वाडी बघत होती, तिला कुणाची पर्वा नव्हती. "मग आता विचारते," ती म्हणाली. "माकारिओ, झाडं देऊ?"

एउदोमार आईकडे आणि बापाकडे आळीपाळीनं बघत होता.

"नको," माकारिओ म्हणाला. "डोळे आले तर बघायला काहीतरी पाहिजे. फूल देऊ. ते गोड वासाचं. मला उठव."

तिनं त्याला उठवलं, खोडापाशी नेलं. त्याची बोटं सालीवरून चाचपत वर गेली, मुळांवरून, फुगीर देठांवरून, पानावरून, आणि फुलाच्या दांड्यापाशी थांबली. कासिल्दानं त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. दांडा मोडल्याचा आवाज आला. मग दोघांनी ते फूल मधे धरून, कुणी सोडायचं ते न कळल्यासारखं, माझ्याकडे तोंड केलं.

तोडलेलं फूल. मुळाशिवाय. आत्यानं असं फूल जन्मात घेतलं नसतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माकारिओ मी जिथं नव्हते तिथं बघत म्हणाला, "दोन्या एदुविहेस, हे चालेल का?"

मी हात पुढे केला आणि म्हणाले, "आण इकडे."